चोर घरात शिरला, तर कायदा तुम्हाला किती मारू देतो?

२०२५ मध्ये आधी दोनापावला आणि मग म्हापसा इथे लुटारूंनी बंगल्यात शिरून घरच्यांना बांधून घातल्याच्या बातम्या आल्या, आणि गोव्यात फुकटच्या कायदेशीर सल्ल्याला एकदम तेजी आली. तिंट्यावर (बाजाराच्या चौकात), देवळाच्या सभामंडपात, कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळीकडे एकच प्रश्न. रात्री चोर शिरला आणि आपण कोयता चालवला, तर काय होतं?

उत्तरं दोनच ऐकू येतात. पहिलं उत्तर अमेरिकी रील पाहून आलेलं असतं: घर आपलं, आत पाऊल टाकलं की उडवा, कोर्ट काही करत नाही. दुसरं एखाद्या थकल्या अनुभवी माणसाचं: चोराला बोट लावलंत तरी तुम्हीच आत जाल, त्यापेक्षा दागिने देऊन टाका. दोन्ही चुकीची आहेत, आणि दुसरं तर पहिल्याइतकंच घातक आहे. ऐन वेळी जीव वाचवायला हात उचलायचा की नाही, याच्या विचारात माणूस गोठून जातो.

आधी अमेरिकेचं बोलू. फ्लोरिडासारख्या राज्यात २००५ च्या कायद्याने घरमालकाला एक मोठी सवलत दिली. कोणी बेकायदा आणि जबरदस्तीने घरात घुसला, तर मालकाला जिवाची रास्त भीती वाटलीच असणार, असं कायदा गृहीत धरतो. ती भीती सिद्ध करत बसावं लागत नाही. आपल्याकडे असं गृहीतक नाही. उलट भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम १०८ नुसार, आपण स्वसंरक्षणात मारलं असं म्हणणाऱ्यालाच ते दाखवून द्यावं लागतं. फ्लोरिडात मुख्य प्रश्न चोर कसा आत आला हा असतो. इथे प्रश्न असतो की त्या क्षणी तुम्हाला कशाची भीती होती, आणि ती भीती शहाण्यासुरत्या माणसाला वाटण्यासारखी होती का.

गोव्यात आणखी एक गैरसमज अधूनमधून भेटतो. आपल्याकडे पोर्तुगीज कायदा आहे ना, मग घराच्या बाबतीत वेगळे नियम असतील. पोर्तुगीज नागरी संहितेचा जो भाग इथे आजही चालतो तो लग्न, नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता अशा कौटुंबिक बाबींपुरता. मारामारी, चोरी, खून यांच्याशी त्याचा संबंध नाही. मुक्तीनंतर भारतीय दंड संहिता गोव्यात लागू झाली आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. म्हणजे पेडण्यापासून काणकोणपर्यंत तोच कायदा जो सावंतवाडीत किंवा नागपुरात. स्वसंरक्षणाची कलमं जुन्या संहितेत ९६ ते १०६ होती, नव्या संहितेत ३४ ते ४४ आहेत. क्रमांक बदलले, गाभा जवळपास तोच राहिला.

शरीर आणि मालमत्ता: दोन वेगळी खाती

कलम ३५ तुम्हाला दोन हक्क देतं. एक, स्वतःच्या आणि दुसऱ्या कोणाच्याही शरीराचं रक्षण. दोन, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचं रक्षण. ‘दुसऱ्या कोणाच्याही’ हे शब्द इथे महत्त्वाचे, कारण गावात अशी कितीतरी घरं आहेत जिथे मुलं आखातात, पोर्तुगालमध्ये किंवा जहाजावर आहेत आणि मागे फक्त म्हातारा-म्हातारी. शेजारच्या काकूंची किंकाळी ऐकून तुम्ही दांडा घेऊन धावलात, तर हक्क तुम्हालाही आहे. ‘तुझं घर नव्हतं, तू कशाला गेलास’ असं कोर्ट विचारणार नाही.

शरीराच्या बाबतीत हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत बळ वापरता येतं अशा परिस्थिती कलम ३८ मध्ये सांगितल्या आहेत. हल्ल्यामुळे जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती, बलात्काराच्या किंवा अनैसर्गिक लैंगिक अत्याचाराच्या हेतूने केलेला हल्ला, पळवून नेण्याचा प्रयत्न, पोलिसांकडे दाद मागताच येणार नाही अशा रीतीने कोंडून ठेवण्याचा प्रयत्न, आणि अॅसिडहल्ला किंवा त्याचा प्रयत्न. अॅसिडचा मुद्दा २०१३ च्या दुरुस्तीने जुन्या संहितेत आला आणि नव्या संहितेत तसाच पुढे चालू राहिला.

मालमत्तेचं खातं जास्त कंजूष आहे. कलम ४१ नुसार मालमत्ता वाचवण्यासाठी जीव घेण्यापर्यंत जाता येतं ते फक्त चार प्रसंगी: जबरी चोरी; सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी; राहत्या घराला, तंबूला, होडीला किंवा माल ठेवायच्या जागेला आग लावणं किंवा तिथे स्फोट घडवणं; आणि चोरी, नासधूस किंवा घरातली घुसखोरी अशा परिस्थितीत, की हक्क वापरला नाही तर कोणीतरी मरेल किंवा जबर जखमी होईल असं रास्तपणे वाटावं. नुसती चोरी या यादीत नाही. भर दुपारी कोणी ओसरीवरून तुमचा गॅस सिलिंडर उचलून चालला असेल तर त्याला अडवा, ढकला, सिलिंडर हिसकावा, पण जीव घेण्याइतकं बळ नाही. त्याने कमरेचा सुरा काढून तुमच्यावर रोखला, की चोरीची जबरी चोरी झाली आणि कायद्याची पायरी बदलली. हाच माणूस, हाच सिलिंडर.

रात्रीची घरफोडी म्हणजे नेमकं काय

लोकांना सगळ्यांत जास्त रस इथेच असतो, आणि सगळ्यांत जास्त चुकाही इथेच होतात.

रात्री म्हणजे सूर्यास्त ते सूर्योदय. गोव्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जूनमध्ये सातच्या सुमारास. कायद्याला तुम्ही झोपलात की नाही याच्याशी देणंघेणं नाही, सूर्याशी आहे.

घरफोडी म्हणजे नुसतं घरात येणं नव्हे. कलम ३३० मध्ये तिच्या वाटा सांगितल्या आहेत. स्वतः पाडलेल्या भगदाडातून येणं. माणसाच्या येण्यासाठी नसलेल्या वाटेने येणं, किंवा भिंत चढून येणं. घरमालकाला अपेक्षितच नसलेल्या रीतीने वाट उघडून घेणं. कुलूप उघडणं. आत येताना किंवा बाहेर पडताना कोणावर बळजबरी करणं किंवा मारायची धमकी देणं. बंद केलेली वाट माहीत असून उघडणं. आपल्या जुन्या घरांना हे चपखल बसतं. मंगळुरी कौलं सरकवून आत उतरलेला, न्हाणीच्या खिडकीचे गज वाकवून आलेला, मागच्या दाराची खिटी तार घालून काढणारा, हे सगळे घरफोडीवाले.

पण उन्हाळ्यात वारा यावा म्हणून पुढचं दार सताड उघडं टाकून तुम्ही आतल्या खोलीत झोपलात, आणि कोणी त्याच उघड्या दारातून सरळ आत आला, तर ती घरफोडी नाही. ती नुसती घरातली घुसखोरी. कलम ४१ मधल्या रात्रीच्या घरफोडीची वाट तुम्हाला मिळत नाही. मग तो समोर आल्यावर त्याने काय केलं, हातात काय होतं, तुमच्या जिवावर बेतेल असं वाटण्यासारखं होतं का, हे पाहिलं जाईल. माझ्या मते सामान्य माणसाला हा फरक अन्यायकारक वाटू शकतो, कारण काळोखात बिछान्याशेजारी उभा असलेला अनोळखी माणूस कौलातून आला की दारातून, हे विचारायला वेळ कोणाला असतो? व्यवहारात कोर्टंही इतकी कोरडी नसतात. पण कलम वाचताना फरक डोक्यात असलेला बरा.

दार उघडं झालं तरी लगाम राहतो

समजा सगळं जुळलं. रात्रीचे दोन, कौलातून उतरलेला माणूस, कलम ४१. तरी कलम ३७ चा लगाम लागू राहतोच: बचावासाठी आवश्यक होती त्यापेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही, आणि पोलिसांकडे जायला पुरेसा वेळ असेल तर हक्कच नाही. दोन्ही वाक्यं ऐकायला सोपी वाटतात. ती घड्याळासारखी वाचावी लागतात: हक्क कधी सुरू झाला आणि कधी संपला.

सुरुवात भीतीपासून होते. वार होईपर्यंत थांबायची गरज नाही. १९५२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मध्य प्रदेशातल्या कटनीचं प्रकरण आलं. दंगलीत जमाव एका दुकानदाराच्या दारावर लाठ्या हाणत होता. शेजारच्या गाळ्यात लूट झालेली, आत बायकामुलं. त्याने गोळी झाडली. न्यायालयाने म्हटलं की दार फुटेपर्यंत त्याने वाट पाहायला हवी होती असं म्हणता येणार नाही, आणि अशा वेळी माणसाची कृती सोन्याच्या तराजूत तोलायची नसते. तो सुटला. २०१० च्या दर्शन सिंग प्रकरणात पंजाबातल्या शेतावर बापावर गंडाशाचा (लांब दांड्याच्या कोयत्याचा) वार झाल्यावर मुलाने गोळी झाडली होती. त्यालाही सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. त्याच निकालात न्यायालयाने या हक्काची तत्त्वं नीट मांडली, आणि सांगितलं की कायदा पाळणाऱ्या नागरिकाने संकटापुढे भ्याडासारखं वागावं अशी कायद्याची अपेक्षा नाही. म्हणजे पाठ फिरवून पळायचं बंधन नाही. घर तुमचं आहे, मागच्या दाराने तुम्ही का पळावं?

केरळचं एक प्रकरण वाचण्यासारखं आहे. १५ मार्च १९८८, भारत बंदचा दिवस. पिठाची गिरणी सुरू ठेवली म्हणून बंद समर्थक आवारात घुसले, मारहाण झाली, आणि गिरणीवाल्याने बंदूक चालवली. दोघे मेले. खालच्या कोर्टांत शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष ठरवलं. आता याच्या उलट टोक पाहा. पंजाबातल्या एका कारखानदाराच्या अंगणात मजुरीच्या वादातून कामगारांनी विटा फेकल्या. त्याने ऑफिसातून गोळी झाडली आणि एक कामगार गेला. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की त्याने हक्काची मर्यादा ओलांडली. दोन्हीकडे जमाव, दोन्हीकडे बंदूक. फरक एवढाच की एका ठिकाणी जीव खरंच धोक्यात होता, आणि दुसऱ्या ठिकाणी मालमत्तेची नासधूस होत होती.

संपण्याची वेळ मात्र बहुतेकांचा घात करते. कलम ४३ सांगतं की रात्रीच्या घरफोडीत हा हक्क ती घुसखोरी चालू असेपर्यंत असतो. चोर खिडकीतून बाहेर पडला आणि भाटातून (बागायतीतून) पळत सुटला, की घरफोडी संपली. आता तुम्ही बलकावात (घरापुढच्या ओट्यावर) उभे राहून त्याच्या पाठीवर बंदूक चालवलीत तर ते स्वसंरक्षण राहत नाही. त्याच्या हातात तुमच्या बायकोचं मंगळसूत्र असलं तरी नाही. मंगळसूत्रासाठी तुम्ही त्याच्या मागे धावू शकता, पकडू शकता, त्याला आडवा पाडू शकता, कारण चोरीचा माल परत मिळेपर्यंत किंवा चोर निसटेपर्यंत मालमत्तेचा हक्क जिवंत असतो. फक्त जीव घेण्याइतका नाही. शवविच्छेदनात जखमा पाठीवर आहेत की छातीवर, किती आहेत, पडल्यानंतरच्या आहेत का, यावर अशा खटल्यांत सगळा जोर असतो तो याचमुळे. पहिला घाव भीतीचा म्हणून माफ होतो. पाचवा घाव रागाचा दिसतो.

इंग्लंडमध्ये यावरून मोठं वादळ झालं होतं. १९९९ मध्ये नॉरफोकमधल्या एका शेतकऱ्याच्या घरात दोन घरफोडे शिरले. त्याने गोळ्या झाडल्या, सोळा वर्षांचा मुलगा पाठीत गोळी लागून मेला. खुनाची शिक्षा झाली, अपिलात मानसिक अवस्थेच्या कारणावरून ती सौम्य झाली. पुढे २०१३ मध्ये तिथल्या कायद्यात घरमालकाला आणखी सूट मिळाली. आता घरात शिरलेल्याविरुद्ध वापरलेलं बळ ढळढळीतपणे प्रमाणाबाहेर नसेल, तर तिथे कोर्ट ते रास्त मानू शकतं. स्विंडनला स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनी तिथला नियम गावात येऊन सांगण्याआधी हा फरक लक्षात ठेवावा.

तो चोर नसला तर?

संहितेचा एक दाखला मला फार आवडतो. एक माणूस रात्री अशा घरात शिरतो जिथे शिरायचा त्याला कायद्याने हक्क आहे. घरातला दुसरा माणूस त्याला प्रामाणिकपणे घरफोड्या समजून हल्ला करतो. संहिता म्हणते: हल्ला करणाऱ्याचा गुन्हा नाही. आणि लगेच पुढे: ज्याच्यावर हल्ला झाला त्यालाही प्रतिकाराचा तितकाच हक्क आहे. म्हणजे दोघंही निर्दोष, दोघंही एकमेकांना मारायला मोकळे. आपल्याकडे जहाजावरून न कळवता आलेला मुलगा रात्री तीनला कंपाउंडची भिंत चढतो, आणि वडील कोयता घेऊन येतात. हे कायद्याने सुटेल. घरात सुटेल का, ते वेगळं.

किनारपट्टीवरची अडचण वेगळी. कळंगुट, बागा, हणजूण, मोरजी या भागात सारख्याच दिसणाऱ्या व्हिला आणि गेस्टहाउस शेजारी शेजारी. पहाटे चारला झिंगलेला पर्यटक चुकून तुमच्या दाराचं हँडल फिरवतो. त्याच्या मनात गुन्हा नाही, त्याला फक्त त्याची खोली हवी आहे. कलम ३६ नुसार नशेत असलेल्या किंवा वेड्या माणसाविरुद्धही तुमचा स्वसंरक्षणाचा हक्क पूर्ण आहे, म्हणजे तो दारुडा सुरा घेऊन अंगावर आला तर तुम्ही निमूट मार खायचा नाही. पण हँडल हलवणाऱ्या माणसाविषयी जिवाची भीती वाटली, हे कोर्टाला पटवणं अवघड जाईल. दिवा लावा, ओरडा, बाहेर कोण ते विचारा. यात कमीपणा काही नाही. ‘मी आधी हटकलं होतं’ हे वाक्य नंतर कोर्टात तुमच्याच कामी येतं.

साध्या वेशातल्या पोलिसाचं काय? लोकसेवक अधिकारात राहून सद्भावनेने काम करत असेल, आणि त्यात तुमच्या जिवाची किंवा जबर दुखापतीची भीती नसेल, तर त्याच्याविरुद्ध हक्क नाही. मात्र तो पोलीस आहे हे तुम्हाला माहीत नसेल किंवा कळायला कारणच नसेल, तर ही अडचण तुम्हाला लागू होत नाही. म्हणून छापा घालणाऱ्यांनी ओळख सांगायची असते, आणि तुम्ही ती मागायची असते.

भाट, मुंडकार आणि विजेची तार

गोव्यात ‘घुसखोर’ हा शब्द चोरापेक्षा जमिनीच्या भांडणात जास्त ऐकू येतो. इथे लोक सगळ्यांत जास्त फसतात, म्हणून थोडं सविस्तर.

उघड्या जमिनीवरची घुसखोरी, मग ती नारळाची बाग असो की काजूचं भाट, मारण्याचा हक्क देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हरियाणातल्या एका जमिनीच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं: कलमात घरातल्या घुसखोरीचा उल्लेख आहे, मोकळ्या शेतजमिनीवरच्या घुसखोरीचा नाही. रात्री बोंडूसाठी (काजूफळांसाठी), नारळासाठी कोणी कुंपण ओलांडलं तर हाकला, पकडा, पोलीस बोलवा. कोयता नाही. त्याने स्वतःच कोयता उगारला तर गोष्ट शरीराच्या रक्षणाची झाली, आणि तिथे कलम ३८ आहे.

दुसरी गोष्ट ताब्याची. कोणी काल रात्री येऊन तुमच्या भाटात झोपडी ठोकली, तर त्याला लगेच, बेताच्या बळाने बाहेर काढता येतं. पण एखादा माणूस स्थिरपणे, तुम्हाला माहीत असताना, बराच काळ ताब्यात आहे, तर खऱ्या मालकालाही त्याला बळाने काढता येत नाही. मुन्शी राम प्रकरणात १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं, आणि पुढेही तेच धरून ठेवलं. परिणाम गंमतीदार आहे: अशा वेळी बळाने काढायला आलेल्या मालकाविरुद्धच स्वसंरक्षणाचा हक्क ताबेदाराला मिळतो. गोव्यात याला १९७५ च्या मुंडकार कायद्याची जोड आहे. भाटकाराने (जमीनमालकाने) मुंडकाराला (त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला) हवं तेव्हा उठवायचे दिवस त्या कायद्याने संपवले. वाद असेल तर वाट मामलेदाराच्या कचेरीची. चार माणसं घेऊन मुंडकाराच्या घराची कौलं उतरवायला गेलेला भाटकार, कायद्याच्या डोळ्याने, त्या घरात घुसणारा माणूस असतो.

आता तार. सत्तरी, सांगे, धारबांदोडा या भागांत रानडुकरांनी आणि गव्यांनी शेती उद्ध्वस्त होते, आणि काहीजण कुंपणात थेट वीज सोडतात. जनावराचा वेगळा कायदा आहेच, पण माणूस गेला तर? १९६४ चं बिहारचं प्रकरण नेमकं याचं आहे. शेजारच्या बाईने आपलं शौचालय वापरू नये म्हणून एका माणसाने तिथे उघडी वीजतार लावली. ती बाई तारेला लागून गेली. ती घुसखोर होती हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम ठेवली. स्वसंरक्षण म्हणजे समोर कोण आहे, त्याचं काय चाललं आहे, हे पाहून दिलेला प्रतिसाद. तार कोणालाच पाहत नाही. भाटात काजू वेचायला आलेली पोरंही तिला सारखीच.

पकडलेला चोर

गावात चोर सापडला की त्याला माडाला बांधायची आणि प्रत्येकाने एकेक हाणायची जुनी खोड आहे. कायद्याच्या घड्याळात तुमचा हक्क चोर आवरला गेला तेव्हाच संपला. त्यानंतरची प्रत्येक थप्पड मारहाण, आणि तो मेला तर खून किंवा सदोष मनुष्यवध, तोही गावभर व्हिडिओ फिरत असताना. डोळ्यांदेखत असा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही नागरिक पकडू शकतो, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ४० प्रमाणे विनाविलंब, आणि जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, पोलिसांकडे द्यावं लागतं. हे सहा तास त्याला पंचायत भरवून मारण्यासाठी नाहीत.

मग खटला होतो का?

होतो. हे आधीच माहीत असलेलं बरं, कारण लोकांची अपेक्षा असते की स्वसंरक्षण स्पष्ट असेल तर पोलीस शाबासकी देऊन निघून जातील. कोणी मेलं की बहुतेक वेळा गुन्हा नोंदवला जातो, अटकही होऊ शकते, आणि स्वसंरक्षण होतं की नाही हे शेवटी सत्र न्यायालय ठरवतं.

पण तिथे वजन तुमच्या बाजूचं आहे. सरकारी पक्षाला गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावा लागतो, तुम्हाला मात्र स्वसंरक्षण तसं सिद्ध करावं लागत नाही. घडलेलं तसं असण्याची शक्यता जास्त आहे, इतकं दाखवलं की पुरतं. ते तुम्ही स्वतः साक्षीदार न आणताही, सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासणीतून दाखवू शकता. तुमच्या अंगावरच्या जखमा, तुटलेली खिटी, सरकवलेली कौलं, रात्री दोन वाजून काही मिनिटांनी ११२ ला केलेला फोन, शेजाऱ्यांनी ऐकलेली हाक, यातून तो क्षण उभा राहतो. म्हणून जे घडलं त्या जागेला हात लावू नका. फरशी धुऊ नका, कोयता पुसू नका. पडलेला माणूस जिवंत असेल तर १०८ ला फोन करा. मारणं थांबवून त्याला वाचवायचा प्रयत्न केलात, हे तुमच्या हेतूविषयी खूप काही सांगतं. पोलिसांना घडलेलं आहे तसं सांगा, वकील बोलवा, परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

आणि हात थोडा जास्तच चालला असेल तर? कायद्याने तिथेही मधली वाट ठेवली आहे. सद्भावनेने हक्क वापरताना, आधी कट न करता, सूड म्हणून नव्हे, कोणी मर्यादेबाहेर गेला आणि समोरचा मेला, तर कलम १०१ च्या अपवादानुसार तो खून ठरत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो. खुनाला फाशी किंवा जन्मठेप. इथे मारण्याचा हेतू असेल तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षं, हेतू नसून फक्त धोक्याची जाणीव असेल तर दहा वर्षांपर्यंत. अंधारात, घामाने डबडबलेल्या माणसाच्या हातून झालेला तिसरा-चौथा घाव अनेकदा याच खात्यात जमा होतो.

राहिला प्रश्न बंदुकीचा, कारण लुटीच्या बातम्यांनंतर परवान्यांची चौकशी सुरू होते. गोव्यात अनेक शेतकऱ्यांकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक आहे, निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश निघतो. परवाना तुम्हाला ती बाळगायची मुभा देतो, कोणावर चालवायची नव्हे. हातात बंदूक आहे की पापड भाजायचा चिमटा, कलम ३४ ते ४४ दोघांना सारखीच लागू. उलट विनापरवाना हत्याराने तुम्ही स्वतःला वाचवलंत आणि त्या खटल्यातून सुटलात, तरी शस्त्र कायद्याचा वेगळा खटला मागे राहू शकतो. दाराला चांगली कडी, बलकावात रात्रभर दिवा, आणि शेजारच्या घराशी ठरवलेली हाक, याला परवाना लागत नाही.